उंटाची खरूज आणि राजीची झूल

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला की, डॉक्टर, तुमच्या नोकरीतला एखादा विसरता न येणारा अनुभव लिहा. माझ्या बरोबरीच्यांनी असे लेख लिहिलेले मी वाचले आहेत. कुणी अडलेली म्हैस सोडवली, कुणी बैलाच्या पोटातून छत्रीची तार काढली, एकाला तर भर सभेत मंत्र्यांनी शाल दिली. मी दोन दिवस आठवत बसलो. नोकरीत मी सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर खाजवलं. स्वतःला खाजवलं आणि दुसऱ्याला का खाजतंय याचा शोध घेतला. तेव्हा लिहायचं तर त्याबद्दलच लिहितो.

मी ढोरांचा डॉक्टर. कागदावर माझ्या पदाला लांबलचक नाव होतं, पण गावात ते कुणी घेतलं नाही. 'ढोरडाक्तर साळवे' एवढंच. आमच्या घरात या नोकरीचा विषय जरा अवघडच होता. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं बुद्धधम्म स्वीकारला आणि वडिलांनी गावची मेलेली ढोरं ओढायचं, सोलायचं काम सोडलं. त्यापायी गावाची बोलणी खाल्ली, हाताला मिळेल ती मजुरी केली आणि मला शिकवलं. शिकून मी झालो ढोरांचा डॉक्टर. नेमणुकीचा हुकूम आला तेव्हा वडील अंगणात बसले होते. म्हणाले, "मेलेल्या ढोरापासून तुला सोडवला, अन् तू जित्याच्या शेपटीला जाऊन लटकला व्हय?" पण बोलताना हसत होते आणि तो हुकूम त्यांनी शेजारच्या चार घरांत वाचून घेतला. पुढं ते फार दिवस राहिले नाहीत. आई माझ्याबरोबर नेमणुकीच्या गावी राहायला आली.

गाव वडीगोद्रीच्या अलीकडं, अंबड तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या पाटलांचे नातू मला अजून रस्त्यात भेटतात. आज तो भाग जालना जिल्ह्यात आहे, तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. मोठा दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दवाखाना म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या, समोर एक लिंब, जनावर अडकवायचा लाकडी खोडा, एक सूक्ष्मदर्शक, आणि इस्माईलभाई नावाचे ड्रेसर. ड्रेसर म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरणं आणि डॉक्टरची अब्रू राखणं, ही सगळी कामं करणारा माणूस.

जोंधळा निघाला की आमच्याकडं काठेवाडी उतरायचे. कच्छ-काठेवाडाकडून शेकडो मेंढरं घेऊन आलेले हे लोक पावसाळ्यापर्यंत इकडंच फिरत. शेतकरी आपल्या रानात त्यांची मेंढरं रात्री बसवून घ्यायचे, बदल्यात धान्य द्यायचे. रानाला लेंड्यांचं खत मिळायचं, त्यांना ज्वारी मिळायची. एका रानातून दुसऱ्या रानात बिऱ्हाड हलवायचं ते उंटावर. खाटा, भांडी, पाण्याच्या पखाली, तान्ही पोरं, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं एका उंटाच्या पाठीवर रचलेलं असायचं. उंट बसला की घर बसलं.

असाच एक वेलाभाई एका सकाळी आपली सांडणी, म्हणजे उंटाची मादी, घेऊन दवाखान्यात आला. पांढरे कपडे, कानात सोनं, मिशा माझ्यापेक्षा वयानं मोठ्या. सांडणीच्या मागं तिचं वर्षाचं पिल्लू.

उंटाविषयी माझं ज्ञान सांगतो. आमच्या पुस्तकात उंट शेवटच्या प्रकरणाच्या शेवटी होता. सर म्हणाले होते, "उंट आपल्याकडं नसतो, ऑप्शनला टाका." टाकला. त्याआधी सांडणी भेटली ती शाळेच्या इतिहासात. सांडणीस्वार खलिता घेऊन यायचे आणि धड्यातून निघून जायचे. पुढं त्या सांडणीला खाज सुटली का, हे काही धड्यात नव्हतं. त्यामुळं समोर खरीच सांडणी उभी राहिल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला. तो असला की काही येत नसलं तरी चालून जातं.

"हिला खोड्यात घ्या," मी म्हणालो.

इस्माईलभाईंनी खोड्याकडं पाहिलं, सांडणीकडं पाहिलं. "साहेब, ये बैल का खोडा है. इसमें उसका एकच पाँव बैठता."

मग वेलाभाईनं तोंडातून एक आवाज काढला आणि सांडणी जागेवरच बसली. मी पुढं होऊन तिच्या मानेला हात लावला. तिनं माझ्याकडं वळून पाहिलं, गाल फुगवले आणि पोटातला हिरवा चोथा माझ्या नव्या शर्टावर रिकामा केला. इस्माईलभाईंनी मला टॉवेल दिला. त्या दिवसापासून दवाखान्यात एक टॉवेल उंटाचा म्हणून वेगळा ठेवलेला असे.

पिल्लाच्या मानेवर आणि खांद्यावर रुपयाएवढे गोल चट्टे होते. केस तुटलेले, वर राखाडी पापुद्रा. हे मला येत होतं. वासरांना होतं तेच गजकर्ण. सांडणीच्याही मानेवरचे केस गेले होते. मी म्हणालो, "दोघांनाही गजकर्ण आहे. आईचं लेकराला, लेकराचं आईला."

वेलाभाई म्हणाला, "साब, नजर लगी है. दाग दे दूँ क्या?" त्यांच्याकडं बऱ्याच दुखण्यांवर तापलेल्या लोखंडाचा डाग देतात.

"बिलकुल नाही," मी म्हणालो आणि गजकर्ण आणि नजर यांतला फरक त्याला शास्त्रीय भाषेत समजावून सांगितला. मी बोलत असताना सांडणी उठली आणि दवाखान्याच्या पाटीला मान घासू लागली. इतकी घासली की पाटी निखळून खाली पडली. ती खिळ्यांनी पुन्हा ठोकायला मी इस्माईलभाईंना सांगितलं आणि फरक समजावणं पुढं चालू ठेवलं.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. गजकर्ण ही बुरशी. ती केसांच्या मुळाशी वाढते, केस तुटतात, गोल चट्टे पडतात. बहुतेक पिल्लांना होते, फारशी खाजत नाही, आणि जनावर वयात आलं, ऊन मिळालं की बरेचदा आपली आपण जाते. डॉक्टरनं मधे औषध लावलं असेल तर श्रेय डॉक्टरला मिळतं. खरजेचं तसं नाही. खरूज म्हणजे किडा, डोळ्यांना न दिसणारा. तो कातडीत बोगदे खणतो, त्यातच अंडी घालतो. जांघ, काख, मानेची खालची बाजू अशी पातळ कातडी त्याला आधी लागते. खाज अशी सुटते की जनावर चरायचं सोडून झाडाला अंग घासत बसतं. केस जातात, कातडं जाड होऊन त्याला वळ्या पडतात, फासळ्या वर येतात. दुर्लक्ष झालं तर एवढा मोठा उंट त्या न दिसणाऱ्या किड्यापायी मरतो. दोन्हींतला फरक ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे जनावर खाजवतं का नाही. आणि माझ्यासमोर सांडणीनं सरकारी पाटी पाडली होती.

मी दोघांनाही टिंक्चर आयोडीन लावलं. पिल्लू ठिकठिकाणी तपकिरी ठिपक्यांचं झालं. दुसऱ्या दिवशी शाळेचे गुरुजी मुलांची रांग घेऊन काठेवाड्यांच्या तळावर गेले आणि त्यांनी ते जिराफ म्हणून दाखवलं, असं मला कळलं. पिल्लाचे चट्टे भरून येऊ लागले. सांडणी मात्र वाळत चालली. आणि पाच-सहा दिवसांनी माझ्या मनगटावर, पोटावर बारीक पुटकुळ्या उठल्या. रात्री अंथरुणात मी असा खाजवत सुटलो की आई म्हणाली, "आरं, कायतरी औषध लाव न्हाईतर बाहीर जाऊन झोप. माझी झोप मोडून राह्यला."

अशा प्रकारे सूक्ष्मदर्शकाच्या आधी माझ्या मनगटानं निदान केलं. दुसऱ्या दिवशी मी सांडणीच्या जांघेतली कातडी बोथट सुरीनं खरडली. ती रक्ताची लाली दिसेपर्यंत खरडावी लागते, कारण किडा वर बसत नाही. खरवड पोटॅशच्या पाण्यात गरम केली, काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शक खिडकीत नेला, कारण वीज असून नसल्यासारखी होती. उन्हाचा कवडसा आरशावर आला आणि गोल पाठीचे, आखूड पायांचे ते महाशय दिसले. मी इस्माईलभाईंना दाखवले. ते बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "साहेब, ये तो आपल्या साहेबांसारखाच दिसता. पोट बडा, पाँव छोटे." कोणत्या साहेबांसारखा ते मी विचारलं नाही.

आताच्या डॉक्टरांना एक सुई दिली की काम होतं. तेव्हा ती सुई नव्हती. उंटाचे केस कातरायचे, खपल्या कोमट पाण्यानं भिजवून काढायच्या, आणि गंधक करंजीच्या तेलात खलून अंगभर चोळायचं. तेही एकदम सगळ्या अंगाला लावायचं नाही, कारण कातडीला श्वास घ्यायला जागा हवी. म्हणून आज पुढचं अर्धं अंग, चार दिवसांनी मागचं. आमच्या दवाखान्यातलं तेल सांडणीच्या मानेतच संपलं. मी वडीगोद्रीच्या रस्त्यावरच्या दुकानांतलं होतं-नव्हतं तेवढं करंजीचं तेल उचललं. दुकानदारानं विचारलं, "डाक्तर, घरी दिव्याच्या तेलाची तंगी हाय काय?" पुढून काळी तुळतुळीत, मागून केसाळ अशी सांडणी गावातून जाताना बायका भाकऱ्या टाकून दारात यायच्या.

गंधक आणि करंजीचा तो वास माझ्या कपड्यांत इतका मुरला की एस.टी.त माझ्या शेजारची जागा कायम रिकामी राहायची. उभे राहून जाणारे लोकही तिथं बसत नसत. लग्नाचं वय होतं माझं. एक स्थळ घरी येऊन बघून गेलं. मुलीच्या मामांनी जाताना विचारलं, "नोकरी कायम आहे म्हणता, पण वासही कायम आहे का?" ते स्थळ पुन्हा आलं नाही.

पण सांडणी सुधारली. केस येऊ लागले, चरू लागली. मी गावभर सांगत सुटलो. आणि तीन आठवड्यांनी वेलाभाई पुन्हा दारात उभा. सांडणी लिंबाला अंग घासत होती. पाटी आम्ही आधीच उतरवून ठेवली.

पुन्हा कातरणं, पुन्हा तेल. पुन्हा बरी झाली, पुन्हा उलटली. मी आधी तेलावर संशय घेतला, मग गंधकावर, मग इस्माईलभाईंच्या हातावर. वेलाभाईला मी बजावून सांगितलं, "उंटाचं सगळं सामान उकळून काढायचं. पाठीवरची लाकडं उन्हात तापवायची, पोती जाळायची, दोऱ्या नव्या." त्यानं ते सगळं केलं. मी स्वतः जाऊन नव्या दोऱ्या बघून आलो. तरी खरूज उलटली.

तोवर गाव बिथरलं होतं. चावडीवर पाटलांनी मला बोलावून घेतलं.

"डाक्तर, आमच्या घरातली लेकरं रातभर खाजवून राह्यली. ह्या उंटाचं लागलंय. काठेवाड्याला सांगा, जल्दी निघायचं. उद्यापासून त्याच्या मेंढराला हिरीचं पाणी न्हाई."

पाणी बंद म्हणजे निघणंच आलं. आणि सांडणी अशी होती की ओझं घेऊन दोन गावं चालली असती तर वाटेत बसली असती. ती बसली की वेलाभाईचं घर उघड्या माळावर बसलं. त्याच्या मुलीला, राजीला, पावसाआधी सासरी पाठवायची होती, तीही याच सांडणीवरून. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून मी उभा राहिलो आणि अधिकारानं बोललो, "पाटील, उंटाचा किडा माणसाच्या अंगावर घर करत नाही. तो पाहुणा म्हणून येतो, चावतो आणि मरून जातो. तुमच्या लेकरांची खरूज ही माणसांची खरूज आहे, दर वर्षी येते तीच. गावाला या उंटापासून काडीचाही धोका नाही."

सगळं अगदी बरोबर बोललो होतो. पण चावडी हसत होती. मी खाली पाहिलं. बोलताना माझा उजवा हात डाव्या मनगटाला खसाखसा खाजवत होता.

"आमोशापर्यंत राहू द्या," पाटील हसू दाबत म्हणाले. "तुमच्या तोंडाकडं बघून. त्याच्यापुढं एक दिवस न्हाई."

अमावास्या आठवड्यावर आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळावर गेलो. त्या दिवशी बिऱ्हाड एका रानातून शेजारच्या रानात हलत होतं. जाणं दहा मिनिटांचं, पण सगळं सामान रीतसर सांडणीवर चढत होतं. तापवलेली लाकडं, नवी पोती, नव्या दोऱ्या. माझं समाधान झालं. आणि मग वेलाभाईच्या बायकोनं, जीवीबेननं, पेटीतून एक झूल काढली आणि सांडणीच्या पाठीवरून खाली पोटापर्यंत, मानेपर्यंत सोडली.

काय झूल होती! तांबड्या, पिवळ्या, हिरव्या दोऱ्यांचं भरतकाम, बोटाच्या नखाएवढे आरसे, कडेला कवड्या. ऊन पडलं की सगळं रान चमकलं. मी अर्धं कौतुकानं आणि अर्धं किड्यांच्या धास्तीनं बघत राहिलो.

"ही उकळली का?" मी विचारलं.

वेलाभाई गोंधळला. "साब, ये ऊँट का सामान नहीं. ये तो लडकी का आणा है."

आणा म्हणजे मुलीनं सासरी घेऊन जायचं स्वतःच्या हातचं भरतकाम. राजी लहानपणापासून ते भरत होती. ते पुरं झाल्याशिवाय मुलगी सासरी जात नाही, आणि सासरी पहिल्या दिवशी सगळ्या बायका त्याचा टाका न टाका बघतात. त्यातली झूल मात्र बिऱ्हाड हलताना दर वेळी सांडणीवर टाकायची, रस्त्यानं कुणाचं घर चाललंय ते लोकांना दिसावं म्हणून. मुक्कामाला पोचलं की पुन्हा घडी घालून पेटीत. मी उंटाचं सामान उकळायला सांगितलं, त्यांनी उंटाचं सगळं सामान उकळलं. मुलीच्या सामानाला कुणी हात लावला नाही. आणि दर मुक्कामाला ते किडे झुलीतून पुन्हा सांडणीवर उतरत होते.

"ही आजच उकळायची," मी म्हणालो.

तेव्हा राजी बोलली. तोवर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. "साब, पानी मत लगाना. रंग जाएगा. काच गिरेगा." ती रडत नव्हती, पण झूल तिनं दोन्ही हातांनी धरली होती. जीवीबेन तिच्या पुढं येऊन उभी राहिली. सांडणी वाचवायची तर झूल जाणार, झूल ठेवायची तर सांडणी जाणार, आणि मुलीला दोन्ही घेऊनच सासरी जायचं होतं. मला फार वाईट वाटलं. माझ्या आयुष्यात मी कधी सुईत दोरा ओवला नाही, पण एवढं समजत होतं.

मग मला पुस्तकातली एक ओळ आठवली. तो किडा अंगावरून खाली उतरला की फार दिवस जगत नाही. कापडात बंद राहिला तर काही आठवड्यांत उपाशी मरतो. म्हणजे झूल उकळायची गरजच नव्हती. ती फक्त जनावरापासून लांब, पेटीत बंद ठेवायची, वर कडक ऊन दाखवायचं. ही ओळ उंटाच्या प्रकरणात नव्हती, मेंढीच्या प्रकरणात होती, म्हणून मी वाचली होती.

पण त्यांच्या पेट्या, पोती, उंट, माणसं, सगळं एकाच ढिगात. लांब ठेवणार कुठं? मी म्हणालो, "माझ्याकडं द्या. महिनाभर ठेवतो."

वेलाभाईनं बायकोकडं पाहिलं. वाटेवरच्या सरकारी माणसाकडं मुलीचा आणा द्यायचा? राजीनंच विचारलं, "साब के घर में औरत है?"

"आई आहे."

"तो उसको देखूँगी."

दोघी मायलेकी माझ्या मागोमाग त्याच गावच्या बौद्ध वस्तीतल्या आमच्या घरी आल्या. आईनं पाय धुवायला पाणी दिलं. प्यायचं पाणी आणताना मात्र ती दारातच थबकली. त्या काळी गावातल्या बायका आमच्या घरचं पाणी पीत नसत, हे तिला नवं नव्हतं. जीवीबेननं हात पुढं करून तांब्या घेतला, वरून घटाघटा प्यायली आणि लेकीला दिला.  आईनं माचीवरची आपली जुन्या लुगड्यांची वाकळ काढून दाखवली. राजीनं तिचे बारीक धावदोरे बोटानं चाचपले, मग झूल आईच्या मांडीवर ठेवली. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, पण बराच वेळ दोघी टाक्यांवर बोलत होत्या. मी मधे गंधकाबद्दल काहीतरी सांगायला गेलो तर आई म्हणाली, "तू गप बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

अमावास्येच्या आदल्या दिवशी काठेवाडी आष्टीच्या बाजूला निघून गेले. मी सांडणीला शेवटचं तेल चोळलं आणि पुढचं तेल बरोबर दिलं. ओझं मेंढपाळांनी स्वतः वाटून घेतलं, सांडणी मोकळीच चालली. पावसाआधी परतताना झूल घेऊन जाऊ, असं ठरलं.

झूल मी पेटीत घातली, डांबरगोळ्या टाकल्या, कुलूप लावलं आणि आईला ताकीद दिली की पेटी उघडायची नाही. आठवडाही झाला नसेल, आई दंड खाजवताना दिसली.

"उघडली?"

"जरा बघितली," ती म्हणाली. "एवढं चांगलं काम, डब्यात घालून कुणी ठिवतं व्हय?"

ती रोज बघत होती. शेजारणींना दाखवत होती. दोन शेजारणीही खाजवू लागल्या. मी वस्तीत घरोघर औषध वाटलं आणि 'उंटाचा किडा पाहुणा असतो' हे भाषण पुन्हा दिलं. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांचे हात खाजवण्यात गुंतले होते. झूल उन्हात घालताना तिचा एक आरसा निसटला. आईनं मला तांबडा दोरा आणायला सांगितला. मी दोनदा विसरलो. शेवटी तिनं घरातल्या पांढऱ्या दोऱ्यानं, वाकळेला घालते तसल्या धावदोऱ्यानं, आरसा बसवला. मला तिनं काही सांगितलं नाही, पण तेव्हापासून ती जरा घोरात होती.

महिना झाला, दीड महिना झाला. आभाळ भरून येऊ लागलं. काठेवाडी आले नाहीत. कुणी म्हणालं, पलीकडच्या रस्त्यानं वर निघाले. आई रोज विचारायची, "आली का रं ती पोरगी?" आणि मी नाही म्हटलं की पेटीकडं बघायची. एक दिवस म्हणाली, "तिच्या सासूनं झूल कुठंय म्हणून विचारलं, तर काय सांगंल ते लेकरू? जा, देऊन ये."

आष्टीच्या बाजाराच्या दिवशी मी पेटी एस.टी.च्या टपावर टाकली. बाजारात विचारत विचारत गावाबाहेरच्या माळावर पोचलो. वेलाभाईची मेंढरं तिथं होती. ते लोक दुसऱ्याच दिवशी आमच्या गावाकडं निघणार होते, वळवाच्या पावसामुळं अडकले होते. सांडणी बाभळीखाली उभी होती. अंगभर नवे, मऊ, कोवळ्या रंगाचे केस. मी जवळ जाऊन जांघेत, काखेत, मानेखाली बघितलं. एकही खपली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करतो. तिनंही मला ओळखलं असावं, कारण तिनं गाल फुगवले. या वेळी मी बाजूला झालो.

राजीनं पेटी उघडली. झूल जमिनीवर अंथरली आणि गुडघ्यांवर बसून एका कोपऱ्यापासून टाका न टाका बघत निघाली. मी तिथंच उभा. मधोमध येऊन तिचं बोट थांबलं.

"ये किसने किया?"

तेव्हा मला पांढरा दोरा पहिल्यांदा दिसला आणि आई इतके दिवस कशाच्या घोरात होती ते कळलं. "आईनं," मी म्हणालो. "तांबडा दोरा मी आणला नाही. उसवून टाक."

राजी त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "रहने दो. सास पूछेगी तो बोलूँगी, मेरी मावशी का हाथ है."

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. तिनं तीनदा विचारलं, "मावशी म्हणली?" तीनदा मी हो म्हणालो. मग ती माझ्यावरच चिडली. "अन् तू रिकाम्या हातानं गेल्ता? मावशी भाचीला काय न देता सासरी धाडती व्हय?" त्याच दुपारी तिनं जुनी लुगडी काढली आणि वाकळ शिवायला घेतली. या वेळी तिनं मला तांबडा दोरा आणायला सांगितलं नाही, स्वतः जाऊन आणला.

पुढच्या वर्षी जोंधळा निघाल्यावर वेलाभाई आला. सांडणी धडधाकट होती, पिल्लू मोठं झालं होतं. राजी सासरी नांदत होती. परतताना तो तिच्या गावावरून जाणार होता. आईनं वाकळ त्याच्या हातात ठेवली. आरसे नव्हते, पण कड तांबडी, टाका बारीक, उभ्या आयुष्यात तिनं शिवलेली सगळ्यात चांगली वाकळ. मी मोठ्या मनानं म्हणालो, "वेलाभाई, सांडणीवर टाक. मावशीच्या घरची आहे म्हणून दिसू दे रस्त्याला."

वेलाभाईनं वाकळ डोक्याला लावली. मग तिची नीट घडी घातली, आपली पेटी मागवली, खिशातून डांबरगोळ्या काढल्या आणि वाकळ आत ठेवून कुलूप लावलं.

"पहले एक महीना पेटी में, साब," तो गंभीरपणे म्हणाला. "पराये घर का कपडा सीधा जनावर पर नहीं डालने का. आपने ही बोला था."

आई पदर तोंडाला लावून हसत होती.  अख्ख्या नोकरीत माझी सूचना जशीच्या तशी पाळणारा तो एकच माणूस भेटला, आणि तीही त्यानं माझ्याच घरच्या वाकळेवर चालवली.